भैरववाडीची चार बोटं

तळ्याच्या घाटाला अकरा पायऱ्या होत्या आणि नवव्या पायरीच्या दगडावर शेवाळाची एक हिरवी रेघ होती. रोज सकाळी सोपानराव त्या रेघेपाशी उकिडवे बसत आणि पाणी तिच्यापासून किती खाली गेलं ते एरंडाच्या काडीनं मोजत. सोमवारी ते गव्हाच्या एका दाण्याएवढं उतरलं होतं. मंगळवारी दीड दाणा. आज बुधवारी काडी दोनदा लावून बघितली तरी दोन दाणे भरत होते. रेघेच्या वरचं शेवाळ वाळून खपलीसारखं सुटत होतं. खालचं अजून ओलं होतं आणि त्याला एक इवलीशी गोगलगाय चिकटली होती. पाण्याबरोबर खाली उतरावं की आहे तिथंच थांबावं, हे तिचं ठरत नसावं. सोपानरावांना तिच्याबद्दल आपुलकी वाटली.

भैरववाडी हे मोशीच्या पलीकडे, चाकणच्या वाटेपासून मैलभर आत असलेलं गाव आणि सोपानराव त्याचे सरपंच. १९५७ सालचा चैत्र सरत आला होता. नववी पायरी उघडी पडली की तळ्यात छातीएवढं पाणी उरतं आणि अकरावी उघडी पडली की म्हशी चालत पलीकडे जातात, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. तेव्हा त्यात काळजी करण्यासारखं काही नव्हतं. यंदा त्या पाण्यात दोन हजार मासे होते आणि ते सोपानरावांनी स्वतः आणले होते.

गेल्या आषाढात मत्स्यखात्यानं रोहू आणि कटला माशांचं बी दिलं. बी म्हणजे बोटाच्या पेराएवढी पिल्लं. ती कलकत्त्याहून आगगाडीनं पुण्याला आली, पुण्याहून ट्रकनं मोशीला आणि तिथून सोपानरावांच्या बैलगाडीतून पत्र्याच्या डब्यांत बसून गावात. डब्यातलं पाणी सतत हलतं ठेवायचं, नाहीतर पिल्लं गुदमरतात, असं खात्याच्या साहेबांनी सांगितलं होतं. म्हणून सोपानराव वाटभर एकेका डब्यात हात घालून पाणी ढवळत आले. वेशीवर बसलेल्या मंडळींनी विचारलं, "सरपंच, ताक व्हय?" त्यावर गाव आठवडाभर हसलं.

साहेब कमी बोलणारे होते, पण जे बोलले ते सोपानरावांनी मनात पक्कं धरलं होतं. हे मासे बंद तळ्यात अंडी घालत नाहीत, म्हणून दरवर्षी बी सोडावं लागतं. वैशाखापर्यंत वाढू द्यायचे. मग मोठे काढायचे आणि वीतभरापेक्षा लहान असतील ते राहू द्यायचे. मोठे निघाले की उरलेल्या पाण्यातली हवा लहानांना पुरते. जाळ्याचं भोक ताणून तीन इंचांपेक्षा कमी नको, म्हणजे लहान मासा आपसूक निसटतो. आणि एखाद्या पहाटे मासे पाण्यावर तोंडं काढून उघडझाप करायला लागले तर समजायचं, पाण्यातली हवा संपली. त्या दिवशी थांबायचं नाही.

"आणि थांबलो तर?" सोपानरावांनी विचारलं होतं.

"तर मासे मरतील. मग पुढच्या आषाढात तुम्हाला बी नाही. रांगेत पंधरा गावं उभी आहेत."

सोपानराव आळशी नव्हते. त्यांना फक्त कुणाला नाही म्हणता येत नसे, आणि कुठलाही निर्णय घ्यायचा म्हणजे कुणाला तरी नाही म्हणावं लागतं. म्हणून ते "बघू" म्हणत. त्यांच्या पत्नी रुक्मिणीबाई म्हणत, "यांनी बैल घ्यायचा ठरवला आन तीन वर्सं बाजार हिंडले. जो बैल पसंत केला हुता तो शेवटी म्हातारा हून गावाला आला." तरीही सगळ्यांनी त्यांना सरपंच केलं होतं, कारण त्यांच्याकडून कुणाचं काही बिघडण्याची शक्यता नव्हती.

तीन इंचांची गोष्ट पंचायतीच्या बैठकीत आली तेव्हाच घोळ झाला. ग्रामसेवक सयाजी रत्नागिरीकडचा. हुशार, मनमिळाऊ आणि सगळ्यांना समजेल असं बोलायची हौस असलेला. गाव त्याला भाऊसाहेब म्हणे. त्यानं खात्याचा इंग्रजी कागद वाचून दाखवला तेव्हा ऐंशी वर्षांच्या दत्तोबा पाटलांनी हात वर केला.

"तीन इंच म्हंजी किती वो, भाऊसाहेब?"

सयाजीनं स्वतःची चार बोटं जुळवून दाखवली. "एवढं, पाटील. चार बोटं समजा."

"मंग तसं लिवा की. इंच कुनाच्या घरी हाय?"

सयाजीनं तसं लिहिलं. ठराव क्रमांक सात: जाळ्याचे भोक चार बोटांपेक्षा कमी असू नये. ठराव एकमतानं मंजूर झाला. भैरववाडीच्या पंचायतीत एकमतानं मंजूर झालेला तो पहिला ठराव, आणि तेवढ्यावरूनच कुणालातरी शंका यायला हवी होती.

भोई आळीत चार घरं होती. त्यांतल्या भैरूची बायको मंजुळाबाई गावात जाळं विणणारी एकटीच उरली होती. बाकीच्या बायका आता मोशीच्या मळ्यांत खुरपायला जात. ठराव झाला त्या दिवसापासून ती विणायला बसली. मार्गशीर्ष गेला, पौष गेला. एकेक गाठ मारताना ती डाव्या हाताची चार बोटं दोऱ्याला लावून बघे. माघात साठ हात लांब जाळं तयार झालं. ठरावाप्रमाणे ते आधी चावडीत दाखवायचं होतं, म्हणून तिनं आणि भैरूनं ते डोक्यावरून आणलं आणि ओट्यावर पसरलं.

हिंदुराव पुढं झाले. तरुणपणी त्यांनी चाकणच्या जत्रेत कुस्त्या मारलेल्या. आता कुस्ती सुटली होती, पण पंजा राहिला होता. त्यांनी एक भोक ताणलं आणि त्यावर आपली चार बोटं आडवी ठेवली. भोक दिसेनासं झालं आणि बोटं दोन्हीकडून बाहेर उरली.

"हे चार बोटं न्हाई," हिंदुराव म्हणाले. "ही तीनच हायती."

मग दत्तोबा पाटील काठी टेकत आले. त्यांची बोटं वाळलेल्या शेवग्याच्या शेंगांसारखी. ती भोकावर ठेवून झाल्यावर शेजारी आणखी एक बोट मावेल एवढी जागा शिल्लक राहिली.

"हे पाच बोटं झालं," पाटील म्हणाले. "यातनं रेडकूबी निसटल."

मंजुळाबाई दोघांकडे बघत होती. "ही माझी चार बोटं हायती," ती म्हणाली.

"तुजी कशी चालतील?" हिंदुराव म्हणाले. ते रागानं बोलले नव्हते. त्यांना खरोखरच नवल वाटलं होतं.

अशा रीतीनं प्रश्न उभा राहिला, की ठराव क्रमांक सातमधली चार बोटं कुणाची. हिंदुरावांच्या बोटांचं जाळं केलं असतं तर त्यातून दीड शेराचा मासाही आरामात गेला असता आणि भोई आळीत वर्षभर जाळं वाळत पडलं असतं. पाटलांच्या बोटांचं केलं असतं तर वीतभराचीही पिल्लं आलीच असती आणि तळं एका दिवसात रिकामं झालं असतं. पण चावडीत माशांचा विचार फारसा कुणी करत नव्हतं. हिंदुरावांच्या बाजूचे म्हणत, गावात पैलवानाचा पंजा असताना दुसऱ्याचा कशाला? पाटलांच्या बाजूचे म्हणत, मान वयाचा. सोपानरावांच्या मळ्याला पाणी हिंदुरावांच्या विहिरीचं होतं आणि दत्तोबा पाटील रुक्मिणीबाईंचे चुलते होते. सरपंचांचा स्वतःचा पंजा घ्यावा, असं सुचवायचं धाडस कुणी केलं नाही. त्यांची उजवी करंगळी गुऱ्हाळाच्या चरकात गेली होती आणि त्यांच्या त्या हाताची चार बोटं म्हणजे तीन बोटं आणि एक आठवण.

"सरपंच, तुमी सांगा," दोन्ही बाजू म्हणाल्या.

"बघू," सोपानराव म्हणाले.

सयाजीनं तालुक्याला पत्र लिहिलं: ठरावातील बोटे कोणाची धरावीत, याबाबत मार्गदर्शन व्हावे. सहा आठवड्यांनी उत्तर आलं: आपले पत्र मिळाले, नियमाप्रमाणे योग्य ती कार्यवाही करावी. उत्तर सर्वांना पटलं. दोन्ही बाजूंनी ते आपल्या बाजूचं मानलं.

मग शाळेचे गुरुजी लाकडी पट्टी घेऊन आले. त्या पट्टीचा पहिला इंच मुलांच्या हातांवर झिजून गेला होता, पण गुरुजी दुसऱ्या इंचापासून मोजायला सरावलेले होते. त्यांनी मंजुळाबाईच्या जाळ्याचं भोक मोजलं. तीन इंच आणि वर एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग.

"खात्याला पाहिजे ते हेच आहे," गुरुजी म्हणाले.

"पन ठरावात इंच न्हाई," पाटील म्हणाले. "सरकार म्होरल्या म्हैन्यात आण्याचं नवं पैसं करनार. आता आमची बोटंबी बदलणार व्हय?"

एवढं झालं तरी फाल्गुनापर्यंत पाणी भरपूर होतं, म्हणून कुणाला घाई नव्हती. पिंपरीच्या कॅम्पातला एक सिंधी व्यापारी सायकलवरून दोनदा येऊन गेला. त्याला आठवड्याला दोन मण मासळी हवी होती. तिसऱ्यांदा आला तेव्हा तो सायकलवरून उतरलासुद्धा नाही. "सरपंचसाब, मच्छी कब?" त्यानं विचारलं. सोपानरावांनी बघू म्हणताच त्यानं मान डोलावली आणि तशीच सायकल वळवली. भैरूला देहूरोडच्या लष्करी डेपोत हमालीचं काम मिळत होतं. तो मंजुळाबाईला म्हणाला, तळ्याचं काही होत नाही, आपण घराला कुलूप लावून जाऊ. ती म्हणाली, वैशाख होऊ दे.

चैत्राच्या सुरुवातीला गुरुजींनी तोडगा काढला. गुरुजींना सरासरी फार आवडे. ते म्हणाले, गावातल्या प्रत्येक कर्त्या गड्यानं चावडीच्या पांढऱ्या भिंतीवर गेरूत बुडवून पंजा उमटवावा. सगळ्यांची चार बोटं मोजू, बेरीज करू, भागाकार करू. जी सरासरी निघेल तिच्याशी ज्याची बोटं जुळतील, त्याचीच गावाची बोटं.

ही कल्पना हिंदुरावांना आवडली, कारण त्यांना आपला पंजा भिंतीवर कायमचा दिसणार होता. पाटलांना आवडली, कारण म्हातारे गावात जास्त होते. सकाळभर गावातले गडी रांगेनं आले. सयाजी वहीत नाव लिही, गडी पंजा उमटवी आणि बाहेरच्या घंगाळात हात धुऊन जाई. सरपंचांचा हात अपुरा म्हणून त्यांना वगळलं. दुपारपर्यंत बेचाळीस नावं झाली आणि सगळे जेवायला गेले.

सोपानराव चावडीच्या मागच्या खोलीत कागद बघत बसले होते. पावलं वाजली म्हणून त्यांनी दारातून डोकावलं. मंजुळाबाई जाळ्याचं विचारायला आली होती. आत कुणी नाही असं बघून ती भिंतीपुढं उभी राहिली आणि एकेक पंजा न्याहाळू लागली, जशी बाजारात वांगी बघावीत. मग ती गेरूच्या पातेल्याजवळ वाकली, डावा हात बुडवला, भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात नीट दाबला आणि सावकाश उचलला. वळली तेव्हा तिला दारातले सोपानराव दिसले.

 तिनं घंगाळात हात धुतले, पदराला पुसले. सोपानरावांनी तिच्याकडे ज्या नजरेनं बघितलं तिचा अर्थ एकच होता: बघू.

संध्याकाळी गुरुजींनी पट्टी लावून पंजे मोजले. सरासरी आली तीन इंच आणि एक सूत. तेवढ्याच मापाचे भिंतीवर तीन पंजे निघाले. पहिला हिंदुरावांच्या भाच्याचा होता, म्हणून तो पाटलांच्या बाजूनं नाकारला. दुसरा पाटलांच्या नातवाचा होता, म्हणून तो हिंदुरावांच्या बाजूनं नाकारला. तिसरा अगदी खालच्या कोपऱ्यात होता आणि त्याच्यापुढे नाव नव्हतं.

गुरुजींनी पुन्हा मोजलं. वहीत नावं बेचाळीस. भिंतीवर पंजे त्रेचाळीस.

"हा कुणाचा?" सयाजीनं विचारलं.

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. सोपानरावांनी तोंड उघडलं. पाटील आणि हिंदुराव दोघंही त्यांच्याकडे बघत होते. भोयाची बायको, तीही चोरून, तीही स्वतःचंच जाळं पास व्हावं म्हणून: हे एका वाक्यात कसं सांगायचं, ते त्यांना सुचेना. त्यांनी तोंड मिटलं.

"धन्याशिवाय पंजा कसा चालंल?" हिंदुराव म्हणाले. "ज्याचा आसंल तो म्होरं येईल."

कुणी पुढं आलं नाही. तीन दिवस वाट बघितल्यावर दत्तोबा पाटलांनी काठी आपटून निकाल दिला. "गावात गडी बेचाळीस. पंजा त्रेचाळिसावा. आरं, तो येऊन गेला. तुमी भांडत बसलाव म्हनून भैरवनाथ सोता येऊन माप देऊन गेला."

ठराव क्रमांक सातनंतर पहिल्यांदाच हिंदुरावांना पाटलांचं म्हणणं पटलं. नाथापुढं हरण्यात त्यांना कमीपणा वाटत नव्हता. दुसऱ्या दिवशी गुरवानं पंजाला गुलाल लावला. तिसऱ्या दिवशी पंजाखाली पणती आली. रविवारी हिंदुरावांनी नारळ फोडला आणि त्या दिवसापासून दर रविवारी सकाळी चावडीत आरती होऊ लागली. सयाजी बिचारा वहीत काय लिहावं या विवंचनेत होता. नावाचा रकाना त्यानं कोरा सोडला.

सोपानरावांना वाटलं, बरं झालं. वाद मिटला, माप मिळालं, कुणाचं नाव घ्यावं लागलं नाही. ते उत्साहानं म्हणाले, "मंग आता जाळं टाकू या की. नाथाचंच माप हाय."

गुरवानं कानांवर हात ठेवले.

"देवाच्या बोटानं मासळी मारायची?" पाटील म्हणाले.

"नाथानं माप दिलं ते राखन करायला दिलं," हिंदुराव म्हणाले. "त्या बोटाला जाळं लावलं तर गावावर कोप हुईल. मी तरी हात लावू देनार न्हाई."

दोन्ही बाजूंचं असं एकमत झालेलं सोपानरावांनी आयुष्यात तिसऱ्यांदा बघितलं. पहिल्यांदा ठराव क्रमांक सात झाला होता, दुसऱ्यांदा पंजा देवाचा ठरला होता.

त्या दिवसापासून ते पायरीवर काडी घेऊन बसू लागले. पेंड टाकली की मासे येत, पाठी काळसर आणि रुंद, एकेक शेर दीड शेराचा. म्हशीची पेंड मासे खातात, यावरून रुक्मिणीबाई रोज बोलत. बुधवारी ते दोन दाणे मोजून घरी आले तेव्हा त्या जोंधळे पाखडत होत्या.

"मला एक सांग," सोपानराव म्हणाले. "एखादी गोष्ट एकट्यालाच म्हाईत आसली आन ती सांगून लोक हसनार आसले तर?"

"कुनाला हसनार?"

"सांगनाऱ्याला. आनखी एका बाईलाबी."

रुक्मिणीबाईंनी सूप खाली ठेवलं. "कंची बाई?"

मग त्यांना सगळं सांगावंच लागलं. रुक्मिणीबाई ऐकत होत्या तोवर त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "म्हंजी मी गेल्या आयतवारी मंजुळीच्या हाताला हळदकुंकू वाहून आले." आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की जोंधळे कोंबड्यांनी खाल्ले.

"आता काय करू?"

"मला काय इचारता? तिला इचारा."

सोपानराव दुपारी भोई आळीत गेले. मंजुळाबाई दारात बसून जाळ्याची एक तुटलेली गाठ बांधत होती. भैरूचं सामान बोचक्यात बांधून भिंतीशी ठेवलेलं होतं.

"कुठं निघाला?" सोपानरावांनी विचारलं.

"देहूरोडला. सोमवारपासनं हजर व्हायचं हाय," भैरू आतून म्हणाला.

सोपानराव खाली बसले. "मंजुळाबाई, तू पंजा का उमटवलास?"

"बेचाळीस गड्यांची बोटं मोजली," ती म्हणाली. "त्यात एकानंबी कधी जाळं इनलं न्हाई. म्हनलं, एक तरी इननारं बोट आसू दे."

"मंग तूच का सांगत न्हाईस?"

"मी सांगितलं तर म्हनतील, सोताचं जाळं खपवाया लबाडी केली. आता तर देवाची केलीय म्हनतील. मला आळीतनं हाकलतील." तिनं गाठ दातानं घट्ट केली. "तुमी बघितलंय. तुमी सरपंच हाय. तुमी सांगितलं तर गोष्ट निराळी."

"लोक मला इचारतील, इतकं दिस गप का बसला."

"इचारतील की."

सोपानरावांनी धोतर झटकलं. ते उठले.

"सरपंच," ती मागून म्हणाली, "बघू म्हनू नका फकस्त. त्यापरास काय न बोलता जावा."

ते काही न बोलता गेले.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार ते वाक्य जुळवत होते. शेतात बैलांपुढं त्यांनी ते म्हणून बघितलं. बैलांनी काही हरकत घेतली नाही. पण गावात माणूस दिसला की वाक्याची सुरुवात हरवायची.

रविवारी फटफटायच्या वेळी ते घाटावर आले. काडीची गरजच पडली नाही. नववी पायरी उघडी पडली होती आणि तिच्यावरचा चिखलही वाळायला लागला होता. त्यांनी पाण्याकडे बघितलं आणि आधी त्यांना वाटलं, पाऊस पडतोय. सगळ्या तळ्यावर लहान लहान वर्तुळं उठत होती. मग त्यांना तोंडं दिसली. कवडीएवढी गोल, फिकट तोंडं, शेकड्यांनी, पाण्याला टेकून उघडत होती आणि मिटत होती. पेंड टाकली तरी एकही मासा हलला नाही. काठाशी एक कटला पालथा तरंगत होता. पोट पांढरं, पंख अजून थोडे हलत होते. सोपानरावांनी दोन्ही हातांनी त्याला धरलं आणि बैलगाडीतल्या डब्यांची आठवण होऊन पाण्यात पुढेमागे हलवू लागले. बराच वेळ हलवलं. मासा निसटला नाही, तेव्हा त्यांना कळलं की तो आता निसटणार नाही.

ते तसेच मासा हातात घेऊन चावडीकडे निघाले. वाटेत भोई आळी लागली. भैरू बोचकं डोक्यावर घेत होता. त्यानं मासा बघितला, बोचकं खाली ठेवलं आणि मागं चालू लागला. मंजुळाबाई आत गेली आणि जाळं घेऊन निघाली.

चावडीत आरती नुकतीच संपली होती. पंचवीसतीस माणसं होती. गुरवाच्या हातात तबक, हिंदुरावांच्या हातात नारळ. खालच्या कोपऱ्यातला पंजा गुलालानं एवढा भरला होता की बोटं ओळखू येत नव्हती. बायकांत रुक्मिणीबाई उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याच्या हातातला मासा बघितला आणि तोंडावरचा पदर खाली घेतला.

"सरपंच, हे काय," पाटील म्हणाले, "चावडीत मासळी घेऊन आलाव? नाथाच्या म्होरं?"

"मासे तोंडं वर काढून ऱ्हायलेत," सोपानराव म्हणाले. "पान्यातली हवा संपली. आज मोठं काढलं न्हाईत तर उद्या ल्हानबी उरनार न्हाईत. पुढल्या साली बी मिळनार न्हाई."

"आरं, मंग नाथाला इचारू," हिंदुराव म्हणाले. "गुरव कौल लावंल. पुढल्या आयतवारी."

"पुढल्या आयतवारी काय इचारनार? मासं हायती का म्हनून?"

कुणीतरी मागं हसलं. सोपानरावांच्या सदऱ्यावरून पाणी ठिबकत होतं. सगळे त्यांच्याकडे बघत होते. ते आता काय म्हणणार, हे भैरववाडीत प्रत्येकाला माहीत होतं. सयाजीनं तर वही मिटलीही होती. चावडीच्या पायरीवर मंजुळाबाई जाळं डोक्यावर घेऊन थांबली होती आणि ती भिंतीकडे बघत नव्हती, त्यांच्याकडे बघत होती.

सोपानरावांनी मासा ओट्यावर ठेवला. मग ते भिंतीपाशी वाकले आणि ओल्या सदऱ्याच्या टोकानं खालच्या कोपऱ्यातला गुलाल पुसायला लागले. गुरव एक पाऊल पुढं आला, पण पाटलांनीच त्याला हातानं थांबवलं. काय होतंय ते त्यांना बघायचं होतं. एकेक बोट गेरूच्या रंगात मोकळं झालं.

"सरपंच, पाप लागंल," हिंदुराव हळूच म्हणाले.

"लागू दे," सोपानराव म्हणाले आणि सरळ उभे राहिले. "हा पंजा भैरवनाथाचा न्हाई. मंजुळाबाईचा हाय. तिनं तो उमटवताना मी मागच्या खोलीतनं बघितला आन म्हैनाभर तोंड शिवून बसलो, ही चूक माझी. जाळं ती इनती, तवा गावाची चार बोटं तिची. भाऊसाहेब, वही उघडा आन रकान्यात तिचं नाव लिवा. भैरू, जा, जाळं टाक."